सासरे म्हणतात, ‘सात तर आहे!’

पत्र असं आहे:

‘आम्ही कॅनडात कॅलगरीला राहतो. सासू-सासरे नाशिकला. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांना तीन-साडेतीन महिने इकडे बोलवायचं ठरतंय. सासरे ७१ वर्षांचे, दमा जुना, पण औषधं वेळेवर घेतात. नवऱ्याने इथल्या वणव्यांचा धूर पाहिलेला असल्यामुळे तो म्हणतो, येऊच नका. सासरे व्हिडिओ कॉलवर हसतात. “चुलीच्या धुरात वाढलोय मी. दिवाळीत इथे हवेच्या प्रदूषणाचा आकडा दोनशेच्या वर जातो तरी फिरायला जातो. तुमच्याकडे सात झालं की तुम्ही खिडक्या लावता!” सासूबाईंना नातवाचा पहिला गणपती इथे करायचाय. मी घरून काम करते, त्यामुळे धुराच्या दिवशी “बाबा, आज बाहेर नको” हे सांगायची पाळी माझ्यावरच येणार. बोलवावं का? बोलवलं तर तयारी काय करू? आणि त्या दोघांना डोंगरांतलं बॅन्फ बघायचंय, त्याचं काय? — एक सून, कॅलगरी’

बोलवा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. मला मात्र चौथा जास्त महत्त्वाचा वाटला, जो तुम्ही दोन वाक्यांच्या मध्ये दडवलाय: ‘नको’ म्हणायचं कुणी? घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला सुनेने रोज सकाळी अडवायचं, हे एक-दोनदा चालेल. तिसऱ्यांदा तुमच्या स्वयंपाकघरात वेगळाच धूर निघेल. त्यामुळे धुराबद्दल बोलू, पण शेवटी सगळं तिथेच येणार आहे.

आधी तुमच्या नवऱ्याची भीती. ती खोटी नाही. २०२३ हे कॅनडातलं नोंदीतलं सगळ्यात वाईट वणव्यांचं वर्ष. सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळलं, म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ निम्मा महाराष्ट्र. क्यूबेकमधल्या वणव्यांच्या धुराने जूनमध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, ती छायाचित्रं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. पण तुमच्या अल्बर्टा प्रांतात तर त्याच्याही आधी, मे महिन्यातच आणीबाणी जाहीर झाली होती. त्या वर्षी कॅलगरीत धुराचे तास मोजले गेले ते पाचशेच्या आसपास भरले. पाचशे म्हटलं की छाती दडपते. पण त्याचे दिवस करा: तीन आठवडे. तेही सलग नाहीत, मे ते सप्टेंबरमध्ये विखुरलेले, आणि तेही नोंदीतल्या सगळ्यात वाईट वर्षी. उरलेल्या दिवसांत तुमच्या शहराची हवा अशी असते की दम्याच्या माणसाला नाशिकपेक्षा तिथेच बरं वाटावं. तीन आठवड्यांच्या भीतीपोटी तीन महिने नातवापासून लांब राहायचं, हा हिशोब मला पटत नाही.

तारखा मात्र जरा विचार करून ठरवा. अल्बर्टात वणव्यांचा हंगाम सरकारी कागदावर १ मार्चला सुरू होतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो. त्यात जून हा कॅलगरीचा सगळ्यात पावसाळी महिना. धुराचा जोर साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना येऊ द्या. आल्या आल्या पहिले पाच-सहा आठवडे बहुधा चांगले मिळतील, घराची आणि फिरायच्या रस्त्याची सवय होईल, आणि धूर आलाच तर तोवर तुमचं सगळं बसलेलं असेल. मे २०२३ आठवून कुणी म्हणेल, जूनचीही हमी काय? हमी नाहीच. पण पावसाच्या महिन्यावर भरवसा ठेवणं शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता ते ‘सात’. सासऱ्यांचं म्हणणं ऐकून मला हसू आलं, पण त्यांची चूक अगदी समजण्यासारखी आहे. आयुष्यभर ज्याने शंभरात मार्क बघितले, त्याला दहापैकी सात सांगितले तर त्याला ते कमीच वाटणार.

कॅनडात हवेची जी पट्टी वापरतात ती १ ते १० अशी आहे, आणि त्याच्यावर गेलं की ‘१०+’. १ ते ३ कमी धोका, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० जास्त. नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, या तिघांचा मिळून तब्येतीवर किती भार पडतो यावरून तो आकडा काढतात. भारतातला निर्देशांक ० ते ५००. अमेरिकेचाही ० ते ५००, पण मोजमाप निराळं. आणि मोबाइलवरची ॲप यातला कुठला आकडा दाखवतायत हे बहुतेक वेळा कुणी बघतच नाही.

एक उदाहरण सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवा. समजा दिवसभराच्या सरासरीत हवेच्या दर घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ आहे. भारतीय निर्देशांक या हवेला साधारण ९२ देतो आणि शेजारी ‘समाधानकारक’ असा शेरा मारतो. अमेरिकी निर्देशांकात हीच हवा १५० च्या उंबरठ्यावर बसते आणि शेरा असतो ‘संवेदनशील व्यक्तींसाठी अपायकारक’. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा १५ आहे, आपल्या सरकारची ६०. कण तेच, छातीत जाणारं वजन तेच, फक्त प्रगतिपुस्तक वेगळ्या शाळेचं. तेव्हा ‘नाशिकला दोनशे असतो’ आणि ‘कॅलगरीला सात झाला’ ही तुलना मुळातच होत नाही. तुलना करायचीच तर पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघायचे. तो आकडा जगात कुठेही तोच.

(त्यांचा दुसरा मुद्दा, की नाशिकमध्ये दिवाळीत फिरतो तरी काही होत नाही, हा मी नाशिकच्या डॉक्टरांवर सोडते. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात दम्याचा पंप किती वेळा जास्त घ्यावा लागतो, हे त्यांनी सासूबाईंना विचारावं. बायकांच्या हे लक्षात असतं.)

चुलीचं म्हणाल, तर तिथे त्यांना थोडं खडसावायला हरकत नाही, अर्थात तुम्ही नाही, मुलाने. चुलीचा धूर आणि जंगलाचा धूर हे सख्खे भाऊ. दोन्ही जळलेल्या लाकडाचेच. आयुष्यात विडी न ओढलेल्या आपल्या कितीतरी आज्या म्हातारपणी धापा टाकतात, त्यामागे तीच चूल असते. फुप्फुसाला धुराची सवय होत नाही. लहानपणी जो धूर गेला तो नुकसानीच्या बाजूलाच जमा आहे. आणि दम्याच्या लोकांवर वणव्याच्या धुराचा परिणाम हा नुसता तर्क नाही: २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धुराच्या दिवसांत दम्यासाठी इमर्जन्सीत येणाऱ्यांची संख्या एरवीपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त होती, असं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मोजलं. हृदयावरही ताण येतो, त्यामुळे सासऱ्यांना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर तेही लक्षात घ्या.

एक गोष्ट त्यांना नक्की फसवेल: डोळे. सह्याद्रीत वणवा लागला की डोंगरावर आग दिसते, राख उडून अंगणात येते. तुमच्याकडे आग पाचशे-हजार किलोमीटरवर असते. ब्रिटिश कोलंबियात, उत्तर अल्बर्टात, कधी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन किंवा माँटानात. आगीच्या उष्णतेने धूर उंच चढतो, वरच्या वाऱ्याबरोबर वाहतो आणि कुठेतरी लांब जाऊन खाली उतरतो. त्यामुळे कधी सूर्य तांबडालाल दिसतो, पण धूर वरच असतो आणि जमिनीवरची हवा चांगली असते. कधी उलटं: नुसतं धुकट वाटतं, वासही फारसा येत नाही, कारण लांबचा प्रवास करून आलेल्या धुराचा वास उडालेला असतो, पण कण भरपूर असतात. १९५० साली ब्रिटिश कोलंबिया-अल्बर्टाच्या सीमेवरच्या चिंचागा वणव्याचा धूर अटलांटिक ओलांडून गेला आणि ब्रिटनमध्ये लोकांना निळा सूर्य आणि निळा चंद्र दिसला. खाली श्वास घेणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून खिडकीतून आकाश बघून ठरवायचं नाही. आकडा बघायचा.

आणि तो आकडा बघायचं काम सासऱ्यांना द्या.

सगळ्या पत्रात मला सांगायचंय ते हेच. ते येण्याआधी, धूर नसताना, व्हिडिओ कॉलवर चौघांनी बसून नियम ठरवा आणि फ्रिजवर लावा. १ ते ३: मनसोक्त फिरा. ४ ते ६: जवळच, सावकाश, खिशात पंप, खोकला आला की परत. ७ आणि वर: घरात किंवा मॉलमध्ये चकरा. नियम त्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. ‘डॉक्टर म्हणाले’ या दोन शब्दांचं वजन तुमच्या दोनशे शब्दांपेक्षा जास्त आहे. मग त्यांच्या फोनवर कॅनडाच्या हवामान खात्याचं ‘वेदरकॅन’ ॲप टाकून द्या, आणि धूर पुढे कुठे सरकणार हे नकाशावर दाखवणारं ‘फायरस्मोक कॅनडा’ हे संकेतस्थळही. घरातली हवा मोजणारा छोटा मीटर मिळतो, तोही त्यांच्याच हाती. निवृत्त माणसाला परक्या देशात सगळ्यात जास्त छळतं ते रिकामपण. सकाळी सहाला उठून, चहा घेत, ‘आज चार आहे, दुपारी सहा होईल, तेव्हा आत्ताच जाऊन येतो’ असं जो माणूस स्वतः जाहीर करतो, त्याला तुम्हाला अडवावं लागत नाही. वही घालून नोंदी ठेवतील, बघा. आठवड्याभरात ते तुमच्या नवऱ्याला खिडकी उघडी ठेवल्याबद्दल बोलायला लागतील. तेवढं सोसा.

आता घर. सगळं घर धुरापासून वाचवायच्या भानगडीत पडू नका. एक खोली सांभाळा, ज्यात ते झोपतात. तिथे बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर. खोक्यावर धुरासाठीचा ‘सीएडीआर’ आकडा असतो, म्हणजे यंत्र किती झपाट्याने हवा साफ करतं ते; तो खोलीच्या चौरस फुटांइतका तरी हवा. बारा बाय बाराच्या खोलीला १४४ किंवा त्याहून जास्त. ‘आयोनायझर’, ‘ओझोन’ असलं काही लिहिलेलं यंत्र घेऊ नका, ओझोन दम्याला आणखी त्रास देतो. पैसे वाचवायचे असतील तर चौकोनी बॉक्स फॅनला ‘मर्व्ह १३’ दर्जाचे, म्हणजे बारीक कण अडवणारे, फर्नेसचे (घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचे) फिल्टर चिकटपट्टीने जोडून खोका करतात. कोर्सी आणि रोझेन्थाल या दोघांनी २०२० मध्ये ही युक्ती लोकांपुढे आणली आणि ती उत्तम चालते. हेही सासऱ्यांना करू द्या. फक्त पंखा नव्या बनावटीचा असू द्या आणि सगळे झोपलेले असताना किंवा घरात कुणी नसताना तो चालू ठेवू नका. आणि काय घ्यायचं ते मे महिन्यात घ्या; धूर आलेल्या आठवड्यात दुकानांत फळ्या रिकाम्या असतात.

फर्नेसमध्येही मर्व्ह १३ चालतो का ते तंत्रज्ञाला विचारून बसवा, आणि धुराच्या दिवशी त्याचा पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर ठेवा म्हणजे घरातली हवा सतत गाळली जाईल. घर नवं असेल तर बाहेरची हवा आत आणणारी एचआरव्ही यंत्रणा असेल. ती तेवढ्यापुरती बंद किंवा फिरत्या हवेवर ठेवायची हे अनेकांना माहीतच नसतं. खिडक्या लावून बसतात आणि भिंतीतून धूर आत येत राहतो.

खिडक्या बंद म्हटलं की उकाडा. कॅलगरीत अजूनही कितीतरी घरांना एसी नाही. २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात ६१९ माणसं उष्म्याने दगावली, त्यातली बहुतेक म्हातारी आणि घरातच होती. तेव्हा धूर आणि ऊन एकदम आले आणि खोली तापायला लागली, तर धुराच्या धास्तीने कोंडून बसू नका. गाडीत बसवा, हवा आतल्या आत फिरण्याचं बटण दाबा आणि दोघांना सार्वजनिक वाचनालयात नेऊन सोडा. गार असतं, फुकट असतं, आणि बसायला चांगल्या खुर्च्या.

आता नाजूक विषय: सासूबाईंची फोडणी. बंद घरात मोहरी तडतडली, मिरची पडली की तो मीटर असा वर जातो की बाहेरचा वणवा परवडला. उदबत्ती, धूप, कापूर यांचंही तेच. आणि चिमणी लावली तर ती आतली हवा बाहेर फेकते, तितकी बाहेरची धुरकट हवा फटींतून आत येते. त्यामुळे त्या दिवशी तळण नाही, खमंग फोडणी नाही. कुकर, इडली, वरण-भात, थालीपिठाऐवजी मुटके. गणपतीत धूर आला तर उकडीचे मोदक आहेतच, तळणीचे पुढच्या वर्षी. आरतीला तुपाचं निरांजन एक पुरे, कापूर एखादी वडी, तोही सासरे दुसऱ्या खोलीत असताना म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, म्हणून विसर्जनाच्या दिवशी बाहेर अंगणात लावा. आणि हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. मीटर सासऱ्यांच्या हातात आहे ना? ते सांगतील. त्या दोघांचं भांडण पन्नास वर्षं चालू आहे, त्यात तुमची गरज नाही.

मास्क लागेल तो एन-९५. उपरणं, ओला रुमाल, कापडी मास्क यांतून हे कण सहज जातात. सासऱ्यांना मिशी असेल तर चालेल, दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही. गूळ खाल्ल्याने छातीतला धूर निघत नाही, हळद-दुधानेही नाही. आवडत असेल तर द्या.

डॉक्टर आणि विमा, यांचा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बहुतेक लोक निघायच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांकडे जातात. परदेशात येणाऱ्या पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजारासाठी ‘स्थिर’ असण्याची अट असते; अनेक पॉलिसींमध्ये ९० किंवा १८० दिवस. त्या काळात औषध बदललं, डोस वाढवला, एवढंच काय कमी केला, तरी कंपनी आजार स्थिर नव्हता असं म्हणू शकते. म्हणजे निघायच्या आदल्या महिन्यात डॉक्टरांनी चांगल्या हेतूने पंप बदलून दिला तर विम्याच्या बाजूने पंचाईत. म्हणून तपासणी आत्ताच, चार-सहा महिने आधी करून घ्या. काही बदल व्हायचा तो आता होऊ दे. पॉलिसीतली ती अट पूर्ण वाचा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणायचं: रोजचा पंप कोणता, दम लागल्यावरचा कोणता, किती वेळा घ्यायचा, आणि कितीने भागलं नाही तर दवाखाना गाठायचा. औषधांची रासायनिक नावं हवीत, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या फार्मसीला कळणार नाहीत. दोन्ही पंप मुक्कामाला पुरून उरतील एवढे, आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी), हे सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगा कुठे जातात ते आपल्याला ठाऊक आहे. रोजचा पंप ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करायची आपल्याकडच्या पुरुषांना खोड असते. धुराच्या हंगामात ती अजिबात चालणार नाही.

रात्री-बेरात्री शंका आली तर अल्बर्टात ८११ ला फोन केला की नर्स बोलते, चोवीस तास. पण बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, किंवा पंप घेऊनही दम हटत नसेल, तर ८११ नाही, ९११. त्यांना दोन्ही आकडे पाठ करून घ्या, आणि घराचा पत्ता इंग्रजीत सांगता येईल एवढी तालीमही. तुम्ही मीटिंगमध्ये असाल तेव्हा सासूबाईंना फोन करावा लागू शकतो.

राहिलं बॅन्फ. जूनमध्येच उरकून टाका. जुलै-ऑगस्टच्या गर्दीपेक्षा ते बरंच, आणि धुराचा धोकाही कमी. डोंगरांमधल्या दऱ्यांत धूर साचला की दिवसेंदिवस हलत नाही. समोरचं शिखरही दिसत नाही आणि मुक्कामाचे पैसे मात्र पूर्ण जातात, म्हणून हॉटेल आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येईल असंच घ्या. पुढे जास्परपर्यंत जायचा विचार असेल तर रस्ता सुरू आहे का ते निघताना बघा. जुलै २०२४ मध्ये त्या गावाची जवळजवळ एक तृतीयांश घरं-दुकानं वणव्यात गेली. बॅन्फ समुद्रसपाटीपासून जवळजवळ चौदाशे मीटरवर आहे, नाशिक सहाशेच्या आसपास. तेव्हा हवा स्वच्छ असली तरी पहिल्या दिवशी सासऱ्यांना चढ चढवू नका. गंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर न्या. आणि त्या दिवशीचा आकडा किती, हे गाडीत बसायच्या आधी त्यांनाच विचारा.